दुसऱ्याने मॉड केलेला थ्रीडीएस अपडेट करताना

निपाणीचा माझा भाचा पावसाळ्यात आमच्याकडे बेळगावच्या शहापूरला राहायला आला तो दप्तरात निन्टेन्डो थ्रीडीएस, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, घेऊनच. "मामा, अपडेट केलं आणि चालूच होईना झालंय." बटण दाबलं की निळा दिवा लागायचा, पडदा काळाच राहायचा आणि दिवा विझायचा. पोराने वर्षभर पैसे साठवून पुण्यातल्या एकाकडून तो जुना घेतला होता, आधीच मॉड केलेला, म्हणजे निन्टेन्डोचं नसलेलं सॉफ्टवेअर आत घातलेला. एक व्हिडिओ बघून त्याने मॉडची फाइल बदलली आणि यंत्र गप्प झालं. दोन दिवस त्याच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता.

यंत्राला काहीच झालेलं नव्हतं. आतलं एसडी कार्ड खोटं होतं. वर १२८ जीबी छापलेलं, आत त्याच्या पासंगालाही पुरेल एवढी जागा नाही. नवी फाइल कॉपी झाल्यासारखी दिसली, पण प्रत्यक्षात कार्डावर कचरा उतरला होता. माझ्या जुन्या कॅमेऱ्यातलं ४ जीबीचं कार्ड काढलं, त्यावर एकच फाइल टाकली, आणि थ्रीडीएस सुरू झाला.

त्यानंतर आमच्या गल्लीतली, खानापूरची, चिकोडीची पोरं अधूनमधून अशीच यंत्रं घेऊन येतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी. आपल्या भागात हे यंत्र दुकानात जाऊन घेतलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. कुणाचा काका दुबईहून आणतो, कुणाची ताई अमेरिकेहून, नाहीतर ऑनलाइन जुनं घ्यायचं. म्हणजे मॉड बहुतेक वेळा दुसऱ्यानेच केलेला असतो, कधी आणि कसा ते विचारायची सोय नसते. मिळणारी माहिती मात्र 'तुम्ही स्वतः मॉड केलं आहे' असं धरून लिहिलेली असते. नवा माणूस अडतो तो तिथेच. फाइल बदलायला दोन मिनिटं लागतात. त्याआधी आत काय आहे ते ओळखणं आणि त्याची प्रत काढून ठेवणं, यातच सगळी सुरक्षितता आहे.

आत कोण कोण आहे

चार नावं समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल.

पहिलं, निन्टेन्डोचं स्वतःचं सिस्टम सॉफ्टवेअर. ते यंत्राच्या अंगच्या मेमरीत असतं, तिला नँड म्हणतात. दुसरं बूटनाइनस्ट्रॅप. तेही नँडमध्येच असतं आणि बटण दाबल्यावर निन्टेन्डोच्या सॉफ्टवेअरच्या आधी जागं होतं. त्याचं काम एकच: एसडी कार्डाच्या अगदी वरच्या पातळीवर 'बूट डॉट फर्म' (boot.firm) नावाची फाइल शोधायची आणि सूत्रं तिच्या हाती द्यायची. ही फाइल म्हणजेच तिसरं नाव, लुमा थ्रीडीएस. आपण ज्याला कस्टम फर्मवेअर म्हणतो ते हेच. चौथं गॉडमोडनाइन, म्हणजे यंत्राच्या पोटात शिरून फाइली बघायचं, प्रती काढायचं हत्यार.

बूटनाइनस्ट्रॅप ज्या त्रुटीतून आत शिरतो ती थ्रीडीएसच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरल्या गेलेल्या बूट रॉममध्ये आहे. तो कोड बदलता येत नाही, त्यामुळे निन्टेन्डोला ती त्रुटी अपडेट पाठवून बुजवता येत नाही. म्हणून २०१७ नंतर नीट मॉड केलेला थ्रीडीएस अपडेट करायला घाबरायचं कारण उरलेलं नाही. त्याआधी मॉड केलेल्या यंत्रांची गोष्ट वेगळी. तुमचं यंत्र नेमकं कुठल्या काळातलं आहे ते आधी बघायचं.

ओळख परेड

यंत्र पूर्ण बंद करा. सिलेक्टचं बटण दाबून धरा, तसंच धरून पॉवर दाबा. लुमाचा सेटिंगचा पडदा येईल आणि त्याच्या माथ्यावर आवृत्तीचा आकडा दिसेल. तो कागदावर लिहून ठेवा.

आकडा ८.० किंवा त्यापुढचा असेल तर आत बूटनाइनस्ट्रॅप आहे. हा लेख तुमच्यासाठीच आहे, पुढे चला.

आकडा त्याहून लहान असेल, किंवा कार्ड संगणकाला लावल्यावर 'आर्मनाइनलोडरहॅक्स' नावाची फाइल दिसली आणि बूट डॉट फर्म कुठेच नसेल, तर थांबा. हा २०१६च्या आसपासचा जुना मॉड असायची दाट शक्यता आहे. त्याला आधी बूटनाइनस्ट्रॅपवर आणावं लागतं, त्याची पद्धत वेगळी आहे आणि तिच्यात एक पायरी चुकली तर यंत्र खरंच मरू शकतं. खाली सांगितलेलं त्याच्यावर करू नका. निन्टेन्डोचं सिस्टम अपडेटही लावू नका. यंत्र आहे तसं चालतंय ना, मग चालू द्या आणि ज्याने हे काम पूर्वी केलंय अशा माणसाबरोबर बसूनच हात घाला.

सिलेक्ट धरूनही लुमाचा पडदा आलाच नाही आणि यंत्र नेहमीसारखं सुरू झालं, तर विकणाऱ्याने 'मॉड आहे' म्हणून सांगितलेलं खोटं असू शकतं. असंही होतं.

आता यंत्र नेहमीप्रमाणे सुरू करून सिस्टम सेटिंग्जमध्ये जा. वरच्या पडद्यावर खाली उजवीकडे आकड्यांची ओळ असते. तिच्या सुरुवातीला 'सिस' असेल तर ठीक. 'इमू' असेल तर तुमचं यंत्र कार्डावर ठेवलेल्या दुसऱ्या नँडवर चालतंय, म्हणजे पुन्हा जुनी पद्धत, पुन्हा थांबायचं. नुसतं 'व्हर' असेल तर लुमाच्या सेटिंगमध्ये सिस्टम सेटिंग्जमध्ये नँडचं नाव दाखवण्याचा पर्याय बंद आहे. तो चालू करून परत बघा. ओळीच्या शेवटचं अक्षर प्रदेश सांगतं: ई म्हणजे युरोप, यू म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान.

जे असेल तर एक अडचण येते. जपानी थ्रीडीएसमध्ये मेनूची भाषा फक्त जपानी असते, सेटिंगमधून ती इंग्रजी करता येत नाही. अशा वेळी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं अ‍ॅप समोर धरा आणि प्रत्येक पडदा वाचून मगच बटण दाबा. जागेवरून अंदाज बांधून दाबत जाऊ नका.

चार्जर, लाईट आणि वायफाय

परदेशातून आलेल्या यंत्राचा चार्जर भिंतीला लावण्याआधी त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचा. अमेरिकेतला मूळ चार्जर १२० व्होल्टचा असतो, जपानमधला १०० व्होल्टचा. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात. प्लगला नुसता अडॅप्टर लावून चालत नाही, त्याने फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट तेवढेच राहतात. चार्जर जळतो आणि कधीकधी यंत्रालाही घेऊन जातो. युएसबीची थ्रीडीएसला बसणारी केबल ऑनलाइन स्वस्तात मिळते, मोबाईलच्या साध्या पाच व्होल्टच्या चार्जरला लावून ती चालते. मी तीच वापरतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. खानापूरच्या आतल्या गावांत तर झाड पडलं की रात्रभर अंधार. थ्रीडीएसला स्वतःची बॅटरी आहे, तिची काळजी नाही. धोका असतो तो इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर कार्ड लावून कॉपी करताना. मध्येच लाईट गेली तर कार्डावरची फाइल अर्धवट राहते, कधी सगळ्या कार्डाची मांडणीच बिघडते. लॅपटॉप नसेल तर हे काम मोबाईल आणि ओटीजी कार्ड रीडरवर करा. मोबाईल बॅटरीवर चालतो हा त्याचा मोठा फायदा.

वायफायचंही एक सांगून ठेवतो. थ्रीडीएसला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं जाळं दिसतं, ५ गिगाहर्ट्झचं दिसत नाही, आणि नव्या डब्ल्यूपीएथ्री सुरक्षेशी त्याचं जमत नाही. घरात नवीन फायबर आलं आणि यंत्र जोडलं जाईना, तर मोबाईलचा हॉटस्पॉट २.४वर ठेवून वापरा.

कार्ड: यावर वेळ घालवा

माझ्याकडे आलेल्या 'मेलेल्या' यंत्रांत बहुतेकांचं दुखणं कार्डातच निघालं. म्हणून या भागात घाई नको.

कार्ड आधी संगणकाला लावा आणि त्यावरचं सगळंच्या सगळं एका फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. फोल्डरला तारीख द्या. कार्डावर 'निन्टेन्डो थ्रीडीएस' नावाचं फोल्डर असेल, त्याच्या आत लांबलचक अक्षर-आकड्यांची फोल्डरं असतील. त्यांची नावं बदलू नका, ती हलवू नका. तुमचे गेम आणि सेव्ह त्यातच आहेत.

पहिलं थ्रीडीएस, थ्रीडीएस एक्सएल आणि टूडीएस यांत पूर्ण आकाराचं एसडी कार्ड लागतं. त्याच्या डाव्या कडेला बारीक लॉकची पट्टी असते. ती खाली सरकलेली असेल तर कार्डावर काही लिहिता येत नाही. मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरत असाल तर अडॅप्टर ढिला नाही ना ते बघा. नावातच 'न्यू' असलेल्या 'न्यू' थ्रीडीएसमध्ये मायक्रो एसडी असतं आणि ते मागचं झाकण उघडून काढावं लागतं. लहान फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो, चष्म्याच्या दुकानात असतो तसा. झाकणाचे दोन स्क्रू पूर्ण निघत नाहीत, फक्त सैल होतात. ओढू नका. 'न्यू टूडीएस एक्सएल'ला मात्र झाकण काढावं लागत नाही, कार्ड कडेच्या फ्लॅपखाली असतं.

कार्ड खरं आहे का ते तपासायला विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्स आणि मॅकवर एफथ्री. दोन्ही कार्ड काठोकाठ भरतात आणि मग परत वाचून बघतात की लिहिलं तेच आलं का. ही चाचणी रिकाम्या कार्डावर घ्यायची, म्हणजे वरची प्रत आधी झालेली हवी. ३२ जीबीच्या संथ कार्डाला तास-दीड तास सहज लागतो. संध्याकाळी लावून जेवायला बसावं. शेवटी चुका दाखवल्या तर ते कार्ड टाकून द्या, मोह करू नका. बाजारात पाटीवर मोठा आकडा आणि किंमत निम्मी, असं कार्ड घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचं बिलासकट ३२ जीबीचं घ्या.

कार्ड एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असायला हवं. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं बहुधा एक्सफॅट करूनच येतात, थ्रीडीएसला ती वाचता येत नाहीत. अशा कार्डासाठी जीयूआयफॉरमॅट नावाचं फुकट साधन आहे. ६४ जीबीपर्यंतच्या कार्डाला त्यात अ‍ॅलोकेशन साइज ३२ केबी ठेवा. मग सुरुवातीला काढून ठेवलेली प्रत कार्डावर परत टाका.

आणि कृपा करून हे कार्ड झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानातल्या संगणकाला लावू नका. दिवसभर शंभर पेनड्राइव्ह येऊन जातात तिथे. फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस एकदा कार्डावर आला की निन्टेन्डोचं फोल्डर लपून बसतं आणि पोराला वाटतं गेम गेले.

प्रत काढल्याशिवाय हात लावायचा नाही

आता नँडची प्रत. हीच ती गोष्ट जी मूळ मॉड करणाऱ्याने काढली होती की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि काढली असली तरी ती त्याच्या संगणकात असते, आपल्या नव्हे.

कार्डावर दीड जीबी तरी मोकळी जागा ठेवा. जुन्या प्रकारच्या थ्रीडीएसची प्रत सुमारे १ जीबी होते, न्यूची सव्वा जीबीच्या आसपास. यंत्र बंद करा, स्टार्ट दाबून धरा आणि पॉवर दाबा. गॉडमोडनाइन उघडेल. उघडलं नाही तर कार्डावर 'लुमा' फोल्डरच्या आत 'पेलोड्स' फोल्डर आहे का ते बघा. गॉडमोडनाइनची फर्म फाइल त्यात असावी लागते, आणि 'जीएमनाइन' नावाचं फोल्डर कार्डाच्या वरच्या पातळीवर. नसेल तर गिटहब या सॉफ्टवेअर वाटपाच्या संकेतस्थळावरून गॉडमोडनाइनची ताजी झिप उतरवून या दोन गोष्टी जागच्या जागी ठेवा.

पहिल्यांदा उघडल्यावर ते विचारेल की अत्यावश्यक फाइलींची प्रत सापडत नाही, आता काढू का? ए दाबून हो म्हणा. ही फाइल लहानशी असते, पण प्रत्येक यंत्राची वेगळी, दुसऱ्याची चालत नाही. घड्याळ लावायला सांगेल, तेही लावा.

मग यादीतून 'एस' अक्षराची, सिसनँड व्हर्च्युअल लिहिलेली जागा निवडा. आत 'नँड मिनसाइज' नावाची फाइल असेल. तिच्यावर ए दाबा आणि जीएमनाइनच्या 'आउट' फोल्डरमध्ये कॉपी करण्याचा पर्याय घ्या. काही मिनिटं लागतील, तेवढा वेळ यंत्र टेबलावर सपाट ठेवा. झाल्यावर आर आणि स्टार्ट एकत्र दाबून यंत्र बंद करा, कार्ड काढा, आउट फोल्डरमधल्या सगळ्या फाइली संगणकावर घ्या. त्यांची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन साठवणीत ठेवा. घरातल्या एकाच जुन्या हार्ड डिस्कवर विसंबू नका.

गॉडमोडनाइनबद्दल एक पक्का नियम: ते जेव्हा एखादी धोक्याची गोष्ट करणार असतं तेव्हा बाणांची आणि बटणांची एक विशिष्ट मालिका दाबायला सांगतं. प्रत काढताना अशी मालिका मागितली जात नाही. ती समोर आली म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आहात. बी दाबून मागे फिरा. तिथे 'बघू काय होतं' म्हणून मालिका दाबणाऱ्यांचीच यंत्रं खरी मरतात.

फाइल बदलणं

आता मूळ काम. लुमा फक्त गिटहबवर लुमाटीमच्या पानावरून उतरवा. हे सगळं फुकट आहे. कुणी व्हिडिओखाली वेगळी लिंक देत असेल, पैसे मागत असेल किंवा 'सगळं तयार पॅक' देत असेल तर घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

१. सर्वांत ताज्या, स्थिर आवृत्तीची झिप उतरवा आणि संगणकावरच उघडा. झिपच्या आतूनच थेट कार्डावर ओढू नका.

२. कार्डावरच्या जुन्या बूट डॉट फर्मची एक प्रत संगणकावर ठेवा. नवीन नाही जमलं तर हीच परत टाकायची आहे.

३. नवीन बूट डॉट फर्म कार्डाच्या वरच्या पातळीवर टाका, जुन्याच्या जागी. शेजारी 'बूट डॉट थ्रीडीएसएक्स' असते, तीही तशीच. ती होमब्रू लाँचर आहे, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेली अ‍ॅप उघडणारी फाइल.

४. लुमा फोल्डर पुसून टाकू नका. त्यात तुमचं गॉडमोडनाइन आहे, गेमचे पॅच आहेत. झिपमध्ये लुमा फोल्डर आलंच तर ते जुन्यात मिसळू द्या.

५. कार्ड 'इजेक्ट' करूनच काढा.

तिसऱ्या पायरीत नावाची गडबड फार होते. विंडोज फाइलीच्या नावाचं शेपूट लपवतं, म्हणून कुणी स्वतः 'बूट डॉट फर्म' लिहिलं की खरं नाव बूट डॉट फर्म डॉट फर्म होतं. मोबाईलवर दुसऱ्यांदा उतरवलेल्या फाइलीला कंसात १ चिकटतो. कधी झिप उघडताना एक जादा फोल्डर तयार होतं आणि फाइल त्याच्या आत बसते. बूटनाइनस्ट्रॅप आत जाऊन शोधत बसत नाही. नाव अक्षर न अक्षर तेच आणि जागा सर्वांत वर, एवढंच त्याला समजतं.

कार्ड यंत्रात घाला, पॉवर दाबा. कधीकधी पहिल्यांदा लुमाचा सेटिंगचा पडदा येतो. घाबरू नका, आधीचे पर्याय आहेत तसे ठेवून स्टार्ट दाबा. मग पुन्हा बंद करून सिलेक्ट धरून सुरू करा आणि माथ्यावरचा आकडा बघा. कागदावरच्या आकड्यापेक्षा पुढचा असेल तर झालं.

आकडा जुनाच दिसत असेल तर? हे मला स्वतःला पहिल्यांदा कळायला वेळ लागला. काही मॉड करणारे लुमाची एक प्रत यंत्राच्या आतही ठेवतात, कार्ड नसलं तरी सुरू व्हावं म्हणून. बूटनाइनस्ट्रॅप आधी कार्डावर बघतो, तिथे फाइल मिळाली नाही तर आतली घेतो. म्हणजे जुना आकडा दिसतोय याचा अर्थ कार्डावरची फाइल त्याला सापडलेलीच नाही: नाव चुकलंय, जागा चुकलीय किंवा कार्ड वाचलं जात नाही. खात्री करायची तर कार्ड काढून यंत्र सुरू करून बघा. सुरू झालं म्हणजे आत प्रत आहे.

युनिव्हर्सल अपडेटर नावाचं होमब्रू अ‍ॅप हेच काम यंत्रावरूनच वायफायने करून देतं. चांगलं आहे. तरी पहिली वेळ हाताने करा, म्हणजे बिघडल्यावर कुठे बघायचं ते कळतं.

निन्टेन्डोचं अपडेट शेवटी

क्रम उलटा करू नका. आधी लुमा, मग निन्टेन्डोचं सिस्टम अपडेट. जुना लुमा नव्या सिस्टमला ओळखत नाही आणि काळा पडदा येऊ शकतो. आला तरी यंत्र गेलेलं नसतं, नवीन बूट डॉट फर्म टाकली की उठतं. पण नव्या माणसाने तो धक्का कशाला खावा.

निन्टेन्डोचं थ्रीडीएसवरचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, ऑनलाइन खेळणं ८ एप्रिल २०२४ ला. सिस्टम अपडेट उतरवणं मात्र त्यांनी चालू ठेवलंय. तुमच्या ओळीत ११.१७ असेल, जे मे २०२३ मध्ये आलं, तर ही पायरी घाईने करायची काहीच गरज नाही. त्यापेक्षा जुनं असेल तर चार्जर लावून, सिस्टम सेटिंग्जमध्ये 'अदर सेटिंग्ज'च्या शेवटच्या पानावरून सिस्टम अपडेट घ्या. मध्ये झाकण मिटू नका.

चालूच होईना

पहिली गोष्ट, कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन 'फ्लॅश करून द्या' म्हणू नका. मोबाईल फ्लॅश करण्याचं साधन याला चालत नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा थ्रीडीएस अशाच एका दुकानात उघडला गेला आणि पडद्याची रिबन फाटून परत आला. दुखणं कार्डाचं होतं.

दुसरं एखादं चांगलं, लहान कार्ड घ्या, एफएटी३२ करा, त्यावर फक्त बूट डॉट फर्म टाका, आणखी काही नाही. सुरू झालं तर दोष पहिल्या कार्डात आहे. गेम दिसणार नाहीत, काही चिन्हं भेटवस्तूच्या कागदात गुंडाळल्यासारखी दिसतील. ठीक आहे, ही फक्त चाचणी आहे. तुमचे गेम तारीख घातलेल्या त्या फोल्डरमध्ये आहेत, ते नव्या कार्डावर जसेच्या तसे कॉपी करा.

तरीही नाही झालं तर जपून ठेवलेली जुनी बूट डॉट फर्म टाकून बघा. तेही नाही तर चार्जर दोन तास लावून परत बघा. बॅटरी पूर्ण उतरलेल्या यंत्राने मला एकदा अख्खी दुपार फसवलंय.

यंत्र सुरू होतं पण पडद्यावर अक्षरांची रांग उमटून थांबतं, तर तो क्रॅशचा अहवाल आहे. त्याचा फोटो काढा. बहुधा जुना प्लगिन किंवा पॅच नव्या लुमाशी भांडत असतो. लुमा फोल्डरच्या आतल्या 'प्लगिन्स' आणि 'टायटल्स' या दोन फोल्डरांची नावं तात्पुरती बदलून परत सुरू करा.

यातलं काहीच लागू पडलं नाही तरच नँडची प्रत परत चढवण्याचा विचार, आणि तो एकट्याने नाही. प्रत त्याच यंत्राची हवी. मित्राकडून घेतलेली दुसऱ्या यंत्राची प्रत चढवली तर ती तुमच्या यंत्राच्या आतल्या सांकेतिक किल्ल्यांशी जुळत नाही.

गेम कुठून उतरवायचे ते मला विचारायला येतात, त्यावर मी काही सांगत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए हे कलम आलंय, हक्कांवर घाला घालण्यासाठी सुरक्षा तोडणं त्यात गुन्हा आहे. स्वतः विकत घेतलेल्या कार्ट्रिजचे सेव्ह सांभाळायला, मोडलेल्या यंत्रात जीव ठेवायला, बंद पडलेल्या दुकानातले स्वतःचे गेम जपायला लुमा आहे आणि त्यासाठीच मी मदत करतो. सेव्हची प्रत काढायला चेकपॉइंट नावाचं अ‍ॅप वापरा, त्या प्रती एसडी कार्डावर 'थ्रीडीएस' फोल्डरच्या आत जमा होतात.

भाच्याने जाताना एक चांगलं काम केलं. यंत्राच्या पाउचमध्ये त्याने एक चिठ्ठी घातली: लुमाचा आकडा, सिस्टमची ओळ, शेवटचं अक्षर, प्रत काढल्याची तारीख आणि ती कुठे ठेवलीय ते. उद्या त्याने ते यंत्र कुणाला दिलं तर घेणाऱ्याला आपल्यासारखी ओळख परेड करावी लागणार नाही. तुमचं अपडेट झालं की तुम्हीही अशी एक चिठ्ठी लिहून यंत्राच्या पाउचमध्ये घाला.